उजवा बूट, नंबर नऊ

लातूरच्या माणसानं बर्फाबद्दल बोलू नये, असा नियम करायला हरकत नाही. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली झाकून ठेवलेली लादी. उघड्यावरचा बर्फ आम्ही एकदाच पोटभर पाहिला, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत. आणि त्याचं कौतुक कुणी केलं नाही, तलाठ्यानं पंचनामा केला. असं असताना मी गुलमर्गला जाऊन बर्फाला अक्कल शिकवली. तीही स्नो स्कूटरवर बसून. बर्फानं सगळं ऐकून घेतलं आणि मग उत्तर दिलं.

आधी धंदा सांगतो, कारण पुढं माझी लाज काढायला तोच कामी येणार आहे. मार्केट यार्डात आमचं आडत दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. तीस वर्षं मी ढीग बघतोय. शेतकऱ्यानं पोती रिकामी केली की सोयाबीनचा ढीग एका ठरावीक उतारावर येऊन थांबतो. त्यावर आणखी एक पाटी टाका, दाणे खाली पळतात, उतार तोच राहतो. गोदामातली पोत्यांची थप्पी त्याहून नाटकी. बाहेरून बघायला भिंत. पण मधल्या एखाद्या थरात ओलसर पोतं गेलं की ते आतल्या आत दबतं, सैलावतं, आणि वरची वीस पोती त्याच्या भरवशावर उभी राहतात. आठवडाभर काही होत नाही. मग एखादा नवा हमाल वर चढतो. आमचा मुकादम असल्या थप्पीकडं नुसतं बघून सांगतो, ‘मालक, हिच्या बुडाला बसून चहा पिऊ नका.’ तीस वर्षांत मी त्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही. म्हणजे, लातुरात गेलो नाही.

गुलमर्गचं बुकिंग खरं तर जानेवारी २०२४ चं होतं. पण त्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच पडेना. पेपरात फोटो यायचे, उघडं पडलेलं पिवळं मैदान आणि त्यावर तोंडं पाडून उभे असलेले पर्यटक. दुष्काळी मुलखातल्या माणसाला त्या फोटोत नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. ‘दुष्काळ बघायला विमानाचं तिकीट कशाला? इथं औशाला जाऊन येऊ,’ असं मी म्हणालो आणि तारखा पुढं ढकलल्या. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला, बदाबदा पडला, आणि आम्ही चौघं निघालो. मी, आमच्या सौभाग्यवती, माझे निलंग्याचे साडू आणि माझी मेहुणी. कोरडा जानेवारी आणि त्यावर एकदम आलेला जड बर्फ, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. लांबलेल्या पावसासारखं ‘आला बाबा एकदाचा’ एवढंच.

माझं सिमकार्ड प्रीपेड. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालत नाही, हे श्रीनगरच्या विमानतळावर कळलं. त्यामुळं पुढचे पाच दिवस मला कोणताही इशारा, सूचना किंवा सोयाबीनचा भाव मिळाला नाही. भावाची काळजी तेवढी मी केली.

टंगमर्गला कोट आणि गमबूट भाड्यानं घ्यावे लागतात. मला आठ नंबर लागतो. दुकानात नऊ होता. दुकानदार म्हणाला, दोन मोजे घाला. मी एकच घातला, कारण दुसरा जोड बॅगेत आणि बॅग गाडीच्या टपावर. या एका आळसानं पुढं माझा पाय वाचवला की बूट घालवला, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.

गुलमर्गला उतरल्यावर बायकांना गोंडोलात बसायचं होतं. गोंडोला दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या अंगाला जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. रांग बघून मी म्हणालो, आपण खालीच मजा करू. तिथं स्नो स्कूटरवाले उभे होते. फेरन घातलेला एक तरुण पुढं आला. त्यानं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. ‘हमकू मालूम सब. हम खुद सौदा करनेवाले.’ लातूरची हिंदी ऐकून तो जरा दचकला, पण भाव निम्म्यावर आला. माझी छाती फुगली. आता कळतं, निम्म्या भावात त्यानं निम्म्याच सूचना दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी त्या निम्म्याही ऐकल्या नाहीत.

आधी तो चालवत होता आणि मी मागं होतो. सपाट मैदानावर एक चक्कर झाली. मैदान सुरक्षित असतं, तिथं मुलंबाळं स्लेजवर बसून ओरडत असतात. पण साडू मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत होते, आणि व्हिडिओत मी फेरनवाल्याच्या पाठीमागं त्याच्या कमरेला मिठी मारून बसलेला दिसत होतो. हे निलंग्यात दाखवलं जाणार होतं.

‘हमको चलाने दो,’ मी म्हणालो. ‘लातूर में बुलेट चलाते हम.’

‘आवं, गप मागं बसा,’ सौभाग्यवती म्हणाल्या.

फेरनवाला माझ्याकडं बघत राहिला, मग उतरला आणि बोटानं दाखवलं. ‘साहब, बीस फुट सीधा. फिर रुकना. उधर नहीं जाना.’ उधर म्हणजे डाव्या हाताला एक छोटी घळ होती आणि तिच्यावर स्वच्छ पांढरा उतार. उंची फार नाही, आमच्या सिद्धेश्वराच्या देवळाच्या शिखराएवढी असेल. त्यावर एकाही पावलाची खूण नव्हती. लातूरच्या माणसाला मोकळा प्लॉट दिसला की त्याचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आता यंत्राबद्दल. बुलेटला मूठ पिळली की वेग वाढतो. स्नो स्कूटरला मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याखाली एक पट्टी असते, ती दाबायची. दाबली की पळते, सोडली की थांबते. इतकं सोपं. अडचण एवढीच की घाबरलेला माणूस मूठ आवळतो, आणि इथं मूठ आवळली की अंगठा दाबला जातो. वीस फूट झाल्यावर मी घाबरलो. त्यामुळं वेग वाढला. वेग वाढल्यामुळं मी आणखी घाबरलो. हँडल डावीकडं गेलं, यंत्र गुरगुरत उताराला लागलं आणि वर चढायला लागलं. खालून बघणाऱ्यांना वाटलं, काय धाडस! साडू ओरडले, ‘साडूभाऊ, लई भारी! सूर्य मागं घ्या!’ मी सूर्य कशाला मागं घेतो. मला देव आठवत नव्हते.

नंतर वाचलं की अमेरिका-कॅनडातले स्नोमोबाईलवाले हेच मुद्दाम करतात. उतारावर यंत्र पळवायचं, जमेल तितकं वर न्यायचं, वळवून खाली आणायचं. मागं राहणारी खूण ज्याची सगळ्यात वर, तो शूर. १३ मार्च २०१० ला कॅनडात रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर असाच मेळा जमला होता. वर काहीजण यंत्रं पळवत होते, खाली उताराच्या पायथ्याशी गर्दी बघायला उभी होती. अख्खा उतार सुटला. दोघं गेले, तीसच्या आसपास जखमी झाले. ही माणसं बर्फात वाढलेली. मी रसवंतीच्या लादीवर वाढलेला.

माझी खूण फार वर गेली नाही. निम्म्या उतारावर पट्टा बर्फात रुतला, यंत्र तिरकं झालं, मी घाबरून एकदाचा अंगठा सोडला आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांतता झाली. खालून फेरनवाला दोन्ही हात हलवत ओरडत होता, ‘हिलो मत!’ साडू मोबाईल खिशात टाकून मला सोडवायला वर निघाले. चांगला माणूस आहे, पण अडकलेल्या माणसाच्या मदतीला त्याच उतारावर दुसरा माणूस चढणं, ही या खेळातली सगळ्यात जुनी चूक, हे त्यांना कुठून माहीत असणार? फेरनवाल्यानं त्यांची कॉलर मागून धरली. ‘एक फँसा है. दो नहीं चाहिए.’

मी मात्र हललो. उतरलो. उजवा पाय बर्फात टाकला आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला.

तेव्हा तो आवाज आला. धप्प. मोठा नव्हे, खोल. शेजारच्या गोदामात वरच्या थरातून क्विंटलाचं पोतं जमिनीवर पडावं तसा. आवाज पायाखालून आला आणि चहूकडं पसरत गेला. सगळा उतार दोन बोटं खाली बसल्यासारखा वाटला. माझ्या डोक्यापासून दहा हात वर, उन्हाळ्यात काळ्या रानात पडते तशी भेग पडली आणि आडवी धावत गेली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, ‘भूकंप!’

हसू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी ज्यांनी अनुभवली, त्यांच्या तोंडी पायाखाली काहीही हललं की हाच शब्द येतो. गाडी गेली तरी येतो.

पुढचं सगळं बहुधा चार-पाच सेकंदांत झालं. एखाद्या खळ्याएवढा तुकडा चादरीसारखा सुटला, तुटला, त्याची ढेकळं झाली आणि ती ढेकळं मला उभ्याचं आडवं करत खाली घेऊन आली. किती खाली? दहा-बारा फूट. तुम्हाला मोठं काहीतरी हवं असेल तर दिलगीर आहे. थांबलो तेव्हा मी कमरेपर्यंत गाडलेला होतो, हात मोकळे, तोंड मोकळं, टोपी गायब. म्हटलं, एवढंच ना, निघू. आणि पाय हलेना.

हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पडताना भुसभुशीत असलेला बर्फ थांबल्याबरोबर मुरतो, घट्ट होतो. खळ्यातल्या भुशात पाय अडकला तर काढता येतो. हे ओल्या सिमेंटमध्ये अडकल्यासारखं होतं, आणि सिमेंट दर मिनिटाला वाळत होतं. कमरेपर्यंतच्या बर्फातून मी स्वतःला बोटभरही वर काढू शकलो नाही. हेच डोक्यावरून गेलं असतं तर? स्वित्झर्लंडमधल्या अपघातांवरून १९९४ साली काढलेला हिशेब नंतर वाचला. पूर्ण गाडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली की दहातले तीन. थंडीनं नव्हे, बहुतेक जण गुदमरून जातात. मला फक्त कमरेपर्यंत खणून काढायला वीस मिनिटं लागली. बेलचा एकच होता, आणि तो आणायला फेरनवाला शेडपर्यंत पळत गेला होता. तोवर साडू हातांनी उकरत होते. सौभाग्यवती खालून विचारत होत्या, ‘आवं, रूमची चावी कुठल्या खिशात हाय? वरच्या का खालच्या?’ खालच्या. त्यामुळं खणण्याला जोर आला.

पाय निघाला तेव्हा नुसता मोजाच निघाला. बूट आतच राहिला.

खाली शेडमध्ये फेरनवाल्यानं आम्हाला कहवा पाजला आणि मग, निम्म्या भावातली राहिलेली निम्मी सूचना दिली. साडूंचं म्हणणं होतं की इंजिनच्या आवाजानं बर्फ पडला, सिनेमात ओरडल्यावर पडतो तसा. तो हसला. आवाजानं काही होत नाही, म्हणाला, वजनानं होतं. उलट इंजिनचा आवाज घातकच, कारण त्यात तो धप्प ऐकू येत नाही. माझं इंजिन बंद पडलं म्हणून मला ऐकू आला. म्हणजे उतार मला सांगत होता, आणि यंत्र चालू असतं तर मी ते सांगणं बुडवलं असतं. हिमस्खलनात सापडणारी बहुतेक माणसं स्वतःच्या किंवा बरोबरच्या माणसाच्या वजनानंच ते सोडवतात. वरून अवचित येऊन कोसळणारा प्रकार त्यामानानं कमी. स्कूटर तीनेक क्विंटल, वर मी अठ्ठ्याऐंशी किलो. थप्पीवर चढलेला नवा हमाल मीच होतो.

आणि ओलं पोतं? तेही होतं. थोडासा बर्फ पडून कोरड्या कडाक्याच्या थंडीत, सावलीच्या उतारावर तसाच राहिला की त्याचे कण एकमेकांना सोडतात, साखरेसारखे सुटे होतात. मूठ वळायला जा, वळत नाही. साखर कारखान्यांच्या मुलखातला मी. मोकळ्या साखरेवर पोत्यांची थप्पी लावशील का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यावर नवा जड बर्फ येऊन बसतो, वारा त्याला थापून पाटीसारखा करतो. वरून बघणाऱ्याला नुसता पांढराशुभ्र प्लॉट दिसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सगळ्यात वाईट. त्याहून उभा असेल तर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा झडून जातो. त्याहून सपाट असेल तर सहसा घसरत नाही. म्हणजे नेमका जो उतार स्कूटरवाल्याला ‘हा चढेल’ असा वाटतो, तोच. उतार मोजायचं साधन मोबाईलमध्ये असतं. साडूंच्या मोबाईलमध्येही होतं. ते व्हिडिओ काढत होते.

रात्री हॉटेलात झोप येईना, म्हणून मी बिलाच्या पाठीमागं हिशेब केला. धंद्याची खोड. एक एकर उतार, त्यावर एक फूट बर्फ. जमून बसलेला बर्फ घनमीटरला दोनशे किलो धरला तर दोनशे चाळीस टन. म्हणजे २,४०० क्विंटल. दहा टनी चोवीस ट्रक, आणि सगळे एकदम, उतारावरून, ब्रेक नसलेले. मोठं हिमस्खलन तासाला शंभर किलोमीटरच्या पुढं जातं. पाणी करून मोजलं तर दोन लाख चाळीस हजार लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. म्हणजे एका एकरात अर्धी गाडी. मला गलबलून आलं. एवढं पाणी माझ्या अंगावर येणार होतं आणि मी ते नाकारलं.

परतल्यावर आठ-दहा दिवसांनी बातमी आली. २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला, त्याचे साथीदार वाचवले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटच्या बाजूला पोलंडचे दोघं गेले होते. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गमध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान बर्फाखाली गेले. बर्फात लढायचं कसं हे शिकवणारी ती संस्था. २०१६ साली सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, त्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला एक होता. माणसारख्या पाण्याला महाग मुलखातला पोरगा बर्फाखाली गेला. तिथं विनोद सुचत नाही, सुचू नये. बुटाची गोष्ट सांगताना मी हे नेहमी सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला माझ्या दहा-बारा फुटांची लांबी नीट कळते.

इशारे नसतात असं नाही. मनालीत १९६९ पासून संरक्षण खात्याची हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था होती, तिचंच आताचं रूप डीजीआरई. तिचे अंदाज येतात आणि धोका एक ते पाच अशा पायऱ्यांनी सांगतात. यात एक गंमत आहे जी लातूरकराला विशेष कळावी. पाचपैकी तीन म्हणजे आमच्याकडं साठ टक्के, आणि साठ टक्केवाल्याला या शिकवणीच्या गावात कुणी विचारत नाही. बर्फात उलट. चार-पाचला लोक घाबरून घरात बसतात. तीनला म्हणतात, ‘मध्यमच आहे की,’ आणि बाहेर पडतात. जगभर बळी जाणाऱ्यांत या तिसऱ्या पायरीचा वाटा मोठा आहे.

त्या दिवशी कोणती पायरी होती? माझं सिम प्रीपेड.

लातूरला आल्यावर मी ही हकीकत दुकानात सगळ्यांना ऐकवली, भेगेपासून बेलच्यापर्यंत. थोडी उंची वाढवून. मुकादम बिडी विझवून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

‘मालक, खालचा थर बगितला व्हता का?’

‘नाही.’

‘मग वर कशाला चढलाव?’

एवढं बोलून तो काट्याकडं गेला, शेतकरी थांबला होता.

टंगमर्गच्या दुकानदारानं एक बूट बघून जोडीचे पैसे कापून घेतले. मी घासाघीस केली नाही. त्यानं उरलेला डावा बूट मला प्रामाणिकपणे परत दिला, कागदात गुंडाळून. तो सध्या दुकानात, काट्याशेजारच्या खिळ्याला लटकतोय. मुकादम त्यात दाभण आणि सुतळी ठेवतो.